शस्त्रसवलत आणि मतपेटी

केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०१९ रोजी एक अधिसूचना काढली. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यातील कोडव समाजाच्या व्यक्ती आणि तेथील जम्मा जमीनधारक यांना बंदूक बाळगण्यासाठी परवाना घेण्याच्या अटीतून या अधिसूचनेने सूट दिली. सूट जुनीच होती. लक्षात घेण्याजोगी होती ती तिची मुदत. ३१ ऑक्टोबर २०२९ रोजी ही सवलत संपते. विद्यमान लोकसभेचा कार्यकाळ त्याच वर्षी जून महिन्यात पूर्ण होतो. लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली नाही, तर सवलतीचा प्रश्न ऐरणीवर येईल तो नेमका सार्वत्रिक निवडणुकीच्या प्रचारात. प्रशासनातील कोणताही निर्णय केव्हा घेतला जातो यावर तो कसा घेतला जाईल हे पुष्कळ अंशी ठरते. म्हणून ही तारीख आजच नोंदवून ठेवावी असे मला वाटते.

बंगळुरूत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना कोडगू परिचित आहे तो सुट्टीतला : कॉफीचे मळे, तलकावेरी, मडिकेरीचे धुके. त्याच कोडगूत देशातील शस्त्रकायद्याचा एक ठळक अपवाद दीडशेहून अधिक वर्षे नांदतो आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. बंदुकीच्या समर्थकांचा निवडणुकीवर काय प्रभाव पडतो, असा प्रश्न निघाला की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिका येते. माझे म्हणणे असे की हा प्रभाव आपल्याकडेही आहे, पण तो निकालाच्या आकड्यांत शोधून सापडणार नाही. तो निवडणुकीत जे बोललेच जात नाही त्यात आहे. आणि म्हणूनच त्याचा विचार राजकारण्यांपेक्षा प्रशासनाने अधिक करायला हवा.

आधी अमेरिकेचे उदाहरण पाहू, कारण तुलनेशिवाय आपले वेगळेपण कळणार नाही. तेथील नॅशनल रायफल असोसिएशन ही संघटना १८७१ मध्ये नेमबाजीच्या प्रसारासाठी स्थापन झाली. १९७०च्या दशकात तिने राजकारणात उघड उडी घेतली. उमेदवारांच्या भूमिका तपासून त्यांना शाळेतल्या विद्यार्थ्यांप्रमाणे श्रेणी देणे आणि त्या श्रेणी सभासदांपर्यंत पोहोचवणे हे तिचे मुख्य अस्त्र. सप्टेंबर १९९४ मध्ये काही प्रकारच्या स्वयंभरी बंदुकांवर दहा वर्षांची बंदी घालणारा कायदा झाला. त्यानंतर दोनच महिन्यांत प्रतिनिधिगृहाची निवडणूक झाली, आणि सभापती टॉम फोली यांना तीस वर्षे राखलेल्या मतदारसंघात सुमारे चार हजार मतांनी पराभव पत्करावा लागला. अमेरिकेत विद्यमान सभापती पराभूत होण्याची घटना १८६० च्या दशकानंतर घडलीच नव्हती. फोली यांच्या पराभवाला इतरही कारणे होती, हे खरे. परंतु राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात त्या वर्षीच्या पक्षाच्या पीछेहाटीचे बरेचसे माप याच संघटनेच्या पदरात टाकले.

या कथेचा उत्तरार्ध आपल्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. त्या बंदीची दहा वर्षांची मुदत सप्टेंबर २००४ मध्ये संपली, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या जेमतेम सात आठवडे आधी. मुदतवाढीचा कायदा काही मंजूर झाला नाही. बंदी रद्द करा असे कोणाला संसदेत उभे राहून म्हणावेही लागले नाही. ती आपोआप संपली. दहा वर्षांची मुदत आणि तिच्या शेवटाशी येऊन भिडलेली निवडणूक हा योग कोडगूच्या बाबतीत जसाच्या तसा जुळून येणार आहे. फरक इतकाच की तेथे मुदतीसोबत बंदी संपली, येथे सवलत संपेल.

योगायोग असा, की आपल्याकडेही नॅशनल रायफल असोसिएशन आहे. भारताची ही संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. त्यांच्या नावाने नेमबाजीची स्पर्धा आजही होते. तेथे एका सभापतीला बंदुकीच्या संघटनेच्या विरोधाला तोंड द्यावे लागले. येथे एका सभापतीने त्याच नावाच्या संघटनेचे पालकत्व केले. मात्र आपली संघटना खेळापुरती राहिली. तिने कोणाला श्रेणी दिली नाही, कोणाला पाडले नाही.

असे का झाले, याचे उत्तर बऱ्याच अंशी संविधान सभेत आहे. शस्त्र बाळगण्याचा हक्क ही कल्पना आपल्या राष्ट्रीय चळवळीला परकी नव्हती. १८७८ च्या शस्त्रकायद्याविरुद्ध काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच आवाज उठवला होता, आणि १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी तो संविधानात यावा यासाठी दुरुस्ती मांडली. कामत हे मूळचे आयसीएस अधिकारी. नोकरीचा राजीनामा देऊन ते चळवळीत आले होते. डॉ. आंबेडकरांनी त्यांची सूचना मान्य केली नाही. असा हक्क सरसकट दिला तर ज्यांच्यापासून समाजाचे रक्षण करायचे त्यांनाही तो मिळेल, हा त्यांच्या उत्तराचा आशय होता. आज संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात शस्त्रांचा उल्लेख आहे तो फक्त नकारार्थी : नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण शांततेने आणि शस्त्रांवाचून.

परिणामी आपल्याकडे बंदूक हा नागरिकाचा हक्क नसून शासनाने दिलेली परवानगी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना जिल्हाधिकारी देतो, बंगळुरूसारख्या शहरात पोलीस आयुक्त देतो. कोणत्याही वर्गाला कायद्यातून सूट देण्याचा अधिकार कलम ४१ अन्वये केंद्र सरकारला आहे. त्यासाठी संसदेत मतदान लागत नाही, अधिसूचना पुरते. जेथे निर्णय अधिसूचनेने होतो तेथे प्रभाव टाकण्याची जागाही मतपेटी नसते. ती असते निवेदन, शिष्टमंडळ, मंत्र्यांची भेट आणि मंत्रालयातील नस्ती.

कोडगूची सवलत याच वाटेने चालत आली आहे. १८३४ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. १८५७ च्या उठावानंतर देशभर प्रजेला निःशस्त्र करण्याचे धोरण आखले गेले, तेव्हा म्हैसूर आणि कूर्गचा कारभार पाहणारे आयुक्त मार्क कब्बन यांनी १८६१ मध्ये कोडवांना त्यातून वगळले. बंगळुरूतील कब्बन पार्कला ज्यांचे नाव होते तेच हे कब्बन. राजनिष्ठेचे बक्षीस हा त्या निर्णयामागील हेतू. जम्मा म्हणजे लष्करी सेवेच्या बदल्यात कमी साऱ्याने वंशपरंपरेने दिलेली जमीन. तिच्या धारकांनाही, ते कोडव असोत वा नसोत, ही सूट मिळाली. स्वातंत्र्यानंतर नव्या शस्त्रकायद्याखाली ती कायम राहिली. कूर्गचे वेगळे राज्य १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात विलीन झाले, तरी सवलतीला धक्का लागला नाही.

ही केवळ कागदावरची सूट नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोद या सणाला कोडव घरांत शस्त्रांची पूजा होते, नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धा होतात. पुत्तरीच्या वेळी पहिली भाताची कणसे कापताना बंदुकीचा बार काढला जातो. जन्म आणि मृत्यूची वार्ताही पूर्वापार बारानेच दिली जाते. फील्ड मार्शल करिअप्पा आणि जनरल थिमय्या ज्या मातीतून आले, तिथे बंदूक म्हणजे घराण्याची ओळख. ही भावना खोटी ठरवण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला नाही.

पण सवलत वंशावर आणि जमिनीच्या प्रकारावर आधारलेली असल्याने समानतेचा प्रश्न उभा राहतोच. एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने तो कर्नाटक उच्च न्यायालयात नेला. राजनिष्ठेसाठी परकीय सत्तेने दिलेली सूट प्रजासत्ताकात जात आणि जमीनधारणेच्या निकषावर का चालू राहावी, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा. सप्टेंबर २०२१ मध्ये खंडपीठाने याचिका फेटाळली. कोडव हा लढवय्या समाज आहे, स्वातंत्र्यापूर्वीपासून त्याला ही सूट आहे आणि २०१९ ची सवलत बेमुदत नसून दहा वर्षांपुरती आहे, असे मुद्दे न्यायालयाने ग्राह्य धरले. म्हणजे मुदत ही केवळ लेखनिकाची औपचारिकता राहिली नाही. सवलत वैध ठरण्यामागील कारणांपैकी ती एक ठरली. मुदत संपताना खरोखरीचा फेरविचार होणार नसेल, तर त्या कारणाला अर्थ उरत नाही.

आता मतांच्या हिशेबाकडे वळू. कर्नाटक विधानसभेच्या २२४ जागांपैकी कोडगूत दोनच आहेत, मडिकेरी आणि विराजपेट. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेपूर्वी त्या तीन होत्या. लोकसभेसाठी हा जिल्हा म्हैसूरला जोडलेला आहे आणि त्या मतदारसंघातील आठ विधानसभा क्षेत्रांपैकी सहा म्हैसूरकडील आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास. तीतही कोडव अल्पसंख्य. संख्याबळाने राज्याचे सरकार बनवावे वा पाडावे, अशी ही शक्ती नव्हे.

तरीही निकाल पाहा. २०१८ मध्ये दोन्ही जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या. २०२३ मध्ये दोन्ही काँग्रेसकडे गेल्या, आणि दोन्ही ठिकाणी मतांचे अंतर पाच हजारांच्या आत होते. इतक्या अटीतटीच्या लढतीत कोणताही जाणता उमेदवार सवलतीविरुद्ध अवाक्षर काढणार नाही. झालेही तसेच. जिल्ह्याने पक्ष बदलला. सवलतीला मात्र एका निकालाने बळ दिले नाही की दुसऱ्याने धोका पोहोचवला नाही. अमेरिकेत बंदूक हा दोन पक्षांतील वादाचा मुद्दा आहे, म्हणून तो निकालात मोजता येतो. कोडगूत तो वादाचा मुद्दाच नाही. ज्यांना सवलत प्राणप्रिय आहे त्यांचे मत त्यावरून फिरू शकते. ज्यांना ती खटकते त्यांच्या दृष्टीने ती रस्ते, हत्तींचा उपद्रव, कॉफीचे भाव यांच्यानंतरची बाब असते. थोड्यांची तीव्र इच्छा अनेकांच्या सौम्य नाराजीवर मात करते, हा लोकशाहीतला जुना अनुभव. त्यात कोणाचे कारस्थान नाही; पण परिणाम असा होतो की एका सार्वजनिक प्रश्नाची सार्वजनिक चर्चा कधी होतच नाही.

देशपातळीवरही हेच दिसते. २०१९ च्या नोव्हेंबरअखेर केंद्र सरकारने शस्त्र अधिनियमात दुरुस्तीचे विधेयक आणले. एका व्यक्तीला तीन बंदुका बाळगण्याची मुभा होती. ती एकावर आणावी असा मूळ प्रस्ताव होता. पंजाबसारख्या राज्यांतून आणि शस्त्रधारकांकडून नाराजी व्यक्त झाली. डिसेंबरमध्ये विधेयक संमत झाले तेव्हा आकडा दोन झाला होता. कोणत्याही मतदारसंघात यावरून कोणी जिंकले वा हरले नाही. निवडणुकीशिवायच, अवघ्या दोन आठवड्यांत, एकाच्या जागी दोन झाले. त्यात अयोग्य काही घडले असे मी म्हणत नाही. निवेदन देणे हा नागरिकांचा अधिकारच आहे. सांगायचे एवढेच, की प्रभाव मोजायचा तर निकालपत्राऐवजी प्रस्ताव आणि अंतिम मसुदा यांतील अंतर पाहावे.

बंदूक आणि निवडणूक यांचा आपल्याकडे आणखी एक संबंध आहे, आणि तो प्रत्येक परवानाधारकाच्या अनुभवाचा आहे. निवडणूक जाहीर होताच शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे फर्मान निघते. शासनाला येथे बंदूकधाऱ्याच्या मताची नव्हे, बंदुकीची चिंता असते. ही चिंता रास्त आहे. मतदारावर दहशत बसवण्याचे प्रकार या देशाने पाहिले आहेत. परंतु सरसकट सर्वांची शस्त्रे काढून घेणे कायद्याला धरून नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गोविंद तिळवे यांच्या याचिकेत स्पष्ट केले. त्यानंतर निवडणूक आयोगाने सप्टेंबर २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या : जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा स्वतंत्र विचार करावा, जामिनावर असलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सहभागी झालेले यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, ज्याचे शस्त्र घ्यायचे त्याला व्यक्तिशः नोटीस द्यावी, पोच द्यावी आणि निकालानंतर शस्त्र परत करावे. दीर्घकालीन कायदा, रूढी व परंपरेने शस्त्र मिरवण्याचा अधिकार असलेल्या समाजांना शस्त्रे घेऊन फिरण्याच्या मनाईतून वगळण्याची तरतूदही त्याच सूचनांत आहे. कोडव समाज या तरतुदीत सहज बसतो.

सूचना उत्तम, अंमलबजावणीचे काय? ज्या कार्यालयाकडे हजारो परवाने आणि हाताशी मोजके दिवस असतात, त्याला प्रत्येक नस्ती वाचण्यापेक्षा सर्वांना एकच पत्र पाठवणे सोपे जाते. पंधरा वर्षांनंतर, मार्च २०२४ मध्ये, अलाहाबाद उच्च न्यायालयाला पुन्हा तेच सांगावे लागले. रानडुकरे आणि माकडे यांपासून सुपारीची बाग राखणारा शेतकरी दोन महिने बंदुकीवाचून राहतो, आणि ज्याच्याकडून खरा धोका संभवतो त्याचे शस्त्र बहुधा नोंदीतच नसते. गोविंद पानसरे, एम. एम. कलबुर्गी आणि बंगळुरूत ५ सप्टेंबर २०१७ रोजी गौरी लंकेश यांच्या हत्येत वापरली गेली ती गावठी पिस्तुले होती. ती जमा करायला कोणी पोलीस ठाण्यात येणार नव्हते.

येथे कोणी म्हणेल, परवान्याच्या बंदुकाही निर्धोक नाहीत. हे मान्यच केले पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यात गोळीबार केल्याच्या आरोपावरून कल्याण पूर्वचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या मतदारसंघातून त्यांच्या पत्नी निवडून आल्या. खटल्याचा निर्णय न्यायालय करील. पण मतदाराच्या दृष्टीने बंदूक हा निवडणुकीचा मुद्दा नव्हता, एवढे त्या निकालातून दिसते. उलट बाजूचेही उदाहरण आहे. सेनापती म्हणून देशाने गौरवलेल्या करिअप्पांनी १९७१ मध्ये मुंबईच्या ईशान्य भागातून लोकसभेची निवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले. शस्त्राचा आदर किंवा त्याचे भय, दोहोंचेही आपल्या मतदाराच्या हिशेबातले वजन अनिश्चित आहे. म्हणून मतदार हा प्रश्न सोडवील अशी आशा धरून प्रशासनाने हातावर हात ठेवून बसणे योग्य नव्हे.

मग काय करावे? पहिली गोष्ट, कोडगूच्या सवलतीचा आढावा २०२९ वर ढकलू नये. विधानसभेचा कार्यकाळ मे २०२८ मध्ये संपतो, लोकसभेचा जून २०२९ मध्ये. या दोन निवडणुकांच्या कात्रीत सापडलेला आढावा हा आढावा न राहता आश्वासन होईल. तो २०२७ मध्येच हाती घ्यावा. दुसरी गोष्ट, आढाव्यापूर्वी जिल्हा प्रशासनाने माहिती प्रसिद्ध करावी : किती जणांना सूट प्रमाणपत्रे दिली, त्यांपैकी किती जम्माधारक, किती शस्त्रे हरवली वा चोरीस गेली, किती अपघात झाले, किती गुन्ह्यांत अशा शस्त्रांचा वापर झाला. सवलतीचा गैरवापर होत नाही हा समर्थकांचा मुख्य युक्तिवाद आहे. तो खरा असेल तर आकड्यांची भीती त्यांना असण्याचे कारण नाही. उलट आकडेच त्यांचे सर्वांत भक्कम साक्षीदार ठरतील. तिसरी गोष्ट, सुनावणी खुली असावी आणि तीत ज्यांना सवलत नाही त्यांनाही बोलावावे. कॉफीच्या मळ्यांत राबणारे येरव आणि कुरुब, भूमिहीन मजूर, आणि घरात बंदूक असण्याचा अर्थ रोज जगणाऱ्या स्त्रिया, यांचे म्हणणे या दीडशे वर्षांत कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

आणि चौथी गोष्ट आपल्या सर्वांच्या कार्यालयांची. छाननी समिती निवडणूक जाहीर झाल्यावर जागी होते, तोवर उशीर झालेला असतो. परवान्यांच्या नोंदी वर्षभर अद्ययावत ठेवल्या, पोलीस ठाण्याकडून दर सहा महिन्यांनी अहवाल घेतला, तर निवडणुकीच्या तोंडावर सर्वांना एकच पत्र पाठवण्याची वेळ येणार नाही. हे काम कंटाळवाणे आहे, त्याची बातमी होत नाही. पण नागरिकाला संशयित समजायचे की नाही हे त्या कंटाळवाण्या कामावरच ठरते.

सवलत राहावी की जावी, याचे उत्तर मी येथे दिलेले नाही. ते माहितीवाचून देता येणार नाही, आणि ती माहिती आज लोकांसमोर नाही. कदाचित आढाव्याअंती सवलत योग्यच ठरेल, कदाचित नोंदणीच्या काही अटी वाढतील. दोन्ही निष्कर्ष स्वीकारता येतील, जर ते तपासाअंती आले असतील. प्रचारसभेत टाळ्यांच्या गजरात दिलेल्या शब्दापायी सवलत आणखी दहा वर्षे वाढली, किंवा कोणाच्या लक्षात न राहिल्याने ती एका रात्रीत संपली आणि हजारो सरळमार्गी माणसे सकाळी बेकायदा शस्त्रधारी ठरली, तर दोन्हींचा दोष मतदाराचा नसेल. तो ज्यांच्या टेबलावर ही नस्ती आहे त्यांचा असेल.